खुंटी आणि कान

भाच्याला एक चांगली गिटार घेऊन द्यावी, ही माझी जुनी इच्छा. ती पुरी करण्याची संधी 2015 साली शिकागोस गेलो असता आली. त्या वर्षी गिब्सन या विख्यात अमेरिकन कंपनीने आपल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींना एक नवे यंत्र जोडले होते. वाद्याच्या माथ्यामागे बसविलेले ते यंत्र तारांचे कंपन मोजी आणि इवल्या मोटारींनी खुंट्या फिरवून सहाही तारा काही क्षणांत स्वरात आणी. दुकानातल्या तरुणाने तारा छेडून दाखविल्या, खुंट्या आपसूक फिरू लागल्या, आणि मी लहान मुलासारखा हरखून गेलो. भाचा गप्प होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मामा, ही नको. गिटार मीच लावीन."

मला ते लागले. हा मुलगा दिवसभर संगणकाच्या आज्ञावल्या लिहून पोट भरतो. त्याने यंत्राला नको म्हणावे, यात मला थोडा दंभच दिसला. शिवाय मी समीक्षक. नव्या कवितेसमोर वाचक बिचकतो तेव्हा दोष त्याच्या आळसाचा असतो, असे मी तीस वर्षे वर्गात बजावत आलो होतो. त्याच न्यायाने मी भाच्याला परंपराशरण ठरवून टाकले.

पुढे या वाद्याचा इतिहास वाचू लागलो तो, खरे सांगायचे तर, त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करण्यासाठी. पुरावा विपुल मिळाला. इलेक्ट्रिक गिटार ही मुळात विजेचीच लेक. लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे यांवाचून तिला आवाजच नाही. 1954 साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणणारे लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. गिब्सनने 1958 साली काढलेली बाणाच्या आकाराची 'फ्लाइंग व्ही' तेव्हा फारशी कोणी घेतली नाही. आज त्याच गिटारींसाठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात. 'लेस पॉल' या गिटारचे मूळ रूप तर 1960च्या सुमारास कंपनीनेच बंद केले होते. तरुण वादकांनी जुन्या प्रती शोधून काढल्या, तेव्हा 1968 साली ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे ज्याला हे वादक परंपरा म्हणतात ती कालच्या पडेल मालातून निवडलेली आहे. आणि 1995 पासून फेंडर कंपनी कोऱ्या गिटारींना मुद्दाम ओरखडे पाडून, रंग उडवून, त्या जुन्या भासवून विकते, हे वाचल्यावर तर मला माझा खटला जिंकल्यासारखे वाटले.

परंतु याच वाचनात एक क्षुल्लक तपशील आडवा आला. स्ट्रॅटोकास्टरवर ध्वनी टिपणारी तीन पिकअप असतात आणि त्यांतले एक निवडण्यासाठी तीन खाचांची कळ होती. ही कळ दोन खाचांच्या मधोमध अडकवून ठेवली तर शेजारची दोन पिकअप एकदम बोलू लागतात आणि एक निराळाच, किंचित अनुनासिक स्वर उमटतो, हे वादकांच्या ध्यानी आले. कर्त्याच्या मनात हे नव्हते. वादक कळ अर्ध्यावर अडकवून वाजवीत राहिले, आणि 1977 साली कंपनीने अखेर पाच खाचांची कळ बसविली. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचेही तेच. माझ्या पिढीला व्हॉल्व्हचे रेडिओ आणि त्यांची खरखर आठवत असेल. मर्यादेपलीकडे आवाज चढविला की हे अँप्लिफायर स्वर फाडीत. फेंडरसारखे कारागीर तो दोष काढण्यासाठी झटत होते, आणि वादक तो फाटलेला स्वरच आपला मानून बसले.

आता भाच्याचा नकार मला वेगळा दिसू लागला. यंत्राचे त्याला वावडे नव्हते. तारा दोन्ही टोकांस जखडणारी फ्लॉइड रोझची योजना 1970च्या दशकाच्या अखेरीस आली आणि वादकांनी ती उचलून धरली, कारण तिच्यामुळे हाताला अधिक दांडगाई करता येऊ लागली. स्वयंचलित खुंट्या मात्र हाताचे आणि कानाचे एक काम काढून घेत होत्या. अर्थात हा नियम म्हणून मांडण्याचे धाडस मी करणार नाही. नेड स्टाइनबर्गर यांनी 1980च्या सुमारास ग्रॅफाइटचे, माथाच नसलेले बास गिटार केले, तेव्हा त्याची पुष्कळ थट्टा झाली. गेल्या काही वर्षांत तशी बिनमाथ्याची वाद्ये तरुणांच्या हाती पुन्हा दिसू लागली आहेत. तिथे वादकांचा संशय चुकलाच होता.

गिब्सनने 2016 पासून पारंपरिक खुंट्यांची वाद्ये पुन्हा वेगळी देऊ केली. 2018 साली कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, तो मुख्यतः दुसऱ्याच विद्युत उपकरणांच्या व्यवसायातील कर्जापायी. खुंट्यांना त्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. 2019 साली भाच्याने एक चित्रफीत धाडली. तीत 'फायरबर्ड एक्स' या गिब्सनच्याच यंत्रसज्ज गिटारी शेकड्यांनी जमिनीवर मांडून त्यांच्यावरून अवजड यंत्र फिरविले जात होते. त्या दुरुस्तीपलीकडच्या होत्या, असे कंपनीचे म्हणणे. मला वाटले होते, भाचा विजयाने काही लिहील. त्याने लिहिले होते, "मामा, हे बघवत नाही."

2015च्या त्या संध्याकाळी आम्ही एक वापरलेली, साधी गिटार घेतली. घरी येताच त्याने तिच्या माथ्याला एक चिमट्याचे यंत्र लावले. स्वर उतरला आहे की चढला आहे, ते पडद्यावर दाखविणारे. मी हसलो, "मग हे काय?" तो म्हणाला, "हे फक्त सांगतं. पिळायचं मीच." मग खुंटीवरची नजर न काढता त्याने विचारले, "आईचा तंबोरा तू अजून लावतोस का रे?"

माझी बहीण गात असे. ती गेल्यावर तिचा मिरजेचा तंबोरा माझ्याकडे पुण्याला आला. मी संध्याकाळी ऐकायला बसतो तो पेटीतला इलेक्ट्रॉनिक तंबोरा. बटण दाबले की झाले. खरा तंबोरा कोपऱ्यात गवसणीत उभा. मी लावतो, असे त्याला सांगितले.

परतल्यावर गवसणी काढली. जोडीची एक तार तुटून घोडीवर वेटोळे होऊन पडली होती. केव्हा तुटली, मला ठाऊक नाही. तार आणवून बसविली. खुंटी पिळायला गेलो तर ती हिवाळ्याने सैल झालेली, धरून ठेवीना. खडू चोळला तेव्हा कुठे थांबली. पंचम लागायला त्या दिवशी पाऊण तास गेला, आणि लागला तोही थोडा उतरलेला.