संशय आणि शोध

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे घरांतील प्रत्येक मनुष्य न्यायाधीश होतो. पंखा बंद पडला तर कोणी वायरमनाला दोष देतो, कोणी दुकानदाराला, आणि कोणी ज्याचा शेवटचा हात बटनाला लागला त्याला. निकाल आधीं लागतो, चौकशी मागाहून होते. पुष्कळदां ती होतच नाहीं. आमच्या घरीं नव्या संगणकाच्या निमित्तानें असाच एक खटला उभा राहिला. त्यांत एका विद्यार्थ्याची फी आणि त्याचें नांव अडकलें होतें, म्हणून ती हकीकत आमच्या शाळासोबत्यांना व त्यांच्या पालकांना सांगावीशी वाटते.

आम्ही दोघे भाऊ. संगणक तयार आणण्याऐवजीं सुटे भाग घेऊन तो घरींच जोडावा, असा आमचा बेत वर्षभर चालला होता. बक्षिसांचे व वाढदिवसांचे पैसे आम्हीं सांठविले, उरलेली रक्कम वडिलांनीं घातली. अट एवढीच कीं, आधीं अभ्यास आणि मग खेळ. पुण्यांत ही हौस नवलाची नव्हे. ज्या शहरांत १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व १९९१ सालीं डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला, तेथील मुलांना आपल्या हातांनीं एक लहानसा संगणक जोडावासा वाटला, तर तो येथल्या हवेचाच गुण म्हणावयाचा. मदरबोर्ड, प्रोसेसर, आठ आठ जी.बी.च्या रॅमच्या दोन पट्ट्या, एस्.एम्.पी.एस्. आणि कॅबिनेट हे सर्व भाग नवे घेतले. ग्राफिक्स कार्ड मात्र नवें घेणें आवाक्याबाहेरचें होतें. तें आमच्याच इमारतींत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका दादांकडून घेतलें. दादा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षांत आहेत. कार्डाचे आलेले पैसे त्यांनीं त्याच आठवड्यांत कॉलेजच्या फीसाठीं भरले.

एका रविवारीं आम्हीं सारे भाग जोडले. संगणक पहिल्याच प्रयत्नांत सुरू झाला. लिहिणें, वाचणें, गाणीं ऐकणें यांत कांहीं उणें नव्हतें. परंतु मोठा खेळ लावला कीं कधीं दहा, तर कधीं चाळीस मिनिटांनीं चित्र गोठे, आवाज घरघरे आणि खेळ आपोआप मिटून जाई. दोनदां तर निळा पडदा येऊन संगणक स्वतःच पुन्हां सुरू झाला. त्या वेळीं येणाऱ्या सूचनेंत बहुधा एकच नांव असे: ग्राफिक्स ड्रायव्हर.

सूचना वाचतांच निकाल लागला. मामा त्या दिवशीं घरीं आले होते. ते म्हणाले, “सगळा माल नवा, एकच वस्तु जुनी, आणि पडद्यावर नांवही तिचेंच. आणखी पुरावा काय हवा? उद्यांच पैसे परत मागा.” इमारतींतील बोलणें एका घरांत राहत नाहीं. दुसऱ्याच दिवशीं दादा खालीं आले आणि दारांतच उभे राहून वडिलांना म्हणाले, “काका, कार्ड माझ्याकडे दोन वर्षें नीट चाललें. पण तुम्हांला संशय असेल तर मी पैसे परत देईन. फी भरून झाली आहे, म्हणून महिन्यामहिन्यानें द्यावे लागतील.” कोणालाच काय बोलावें तें सुचेना. शेवटीं आजोबा म्हणाले, “आधीं आंत येऊन बस, बाळ. अजून इथें कोणीं कांहीं तपासलेलें नाहीं.”

आमचे आजोबा पिंपरीच्या एका कारखान्यांत फिटर होते. संगणकांतलें त्यांना फारसें कळत नाहीं. पण बिघाडांतलें कळतें. त्यांनीं आमच्या हातीं एक कोरी वही दिली आणि सांगितलें, “एका वेळीं एकच गोष्ट बदलायची, आणि काय झालें तें लगेच लिहायचें. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर यंत्र कदाचित् सुधारेल, पण दोष कुठें होता तें कधींच कळणार नाहीं.”

वहींत आम्हीं रकाने आंखले: तारीख, खेळ, किती मिनिटें चालला, काय बदललें, परिणाम काय. विंडोजही आपली अशी एक नोंदवही ठेवीत असतें. तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. ती उघडतांच एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सात वेळां बिघाड झाला होता. त्यांत चार वेळां ग्राफिक्स ड्रायव्हरचें, दोन वेळां खुद्द खेळाचें आणि एकदां विंडोजच्याच एका फाईलचें नांव होतें. चोरी एकच आणि नांवें मात्र तीन, असें झालें तर शहाणा फौजदार त्या तिघांचें सामाईक काय आहे तें पाहतो. संगणकाच्या सर्व कामांना सामाईक अशा मुख्य गोष्टींत वीज आणि मेमरी या दोन येतात.

तरीही आम्हीं क्रम सोडला नाहीं. ग्राफिक्स ड्रायव्हर पूर्ण काढून नव्यानें घातला. पंचविसाव्या मिनिटाला खेळ पुन्हां बंद पडला. खेळ चालूं असतां उष्णता मोजली. कार्ड ७२ अंश आणि प्रोसेसर ७८ अंश सेल्सिअस, म्हणजे दोन्ही मर्यादेंत. रॅमच्या पट्टीवर छापलेला ३२०० हा वेग एक्स्.एम्.पी. नांवाचें सेटिंग चालूं केल्यावर मिळतो, व त्यासाठीं तिला नेहमींच्या १.२ व्होल्टऐवजीं १.३५ व्होल्ट दाब द्यावा लागतो. तें सेटिंग बंद करून पाहिलें. खेळ पंचावन्न मिनिटें चालला आणि मग बंद पडला. दोष लांबला, गेला नाहीं. परंतु बोट आतां रॅमकडे वळलें. मग दादांचें कार्ड एका वर्गमित्राच्या संगणकांत लावून पाहिलें. तेथें तें तीन तास बिनतक्रार चाललें. आम्हांला आनंद झाला, पण आजोबा म्हणाले, “त्याच्या घरचा बाकीचा सगळा सरंजाम निराळा. एका साक्षीवर शिक्षा नको, तशी एका साक्षीवर सुटकाही नको.”

त्या रात्रीं आम्हीं मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून लावला. १९९४ सालीं ख्रिस ब्रेडी यांनीं तो प्रथम लिहिला. तो विंडोज सुरू होण्यापूर्वींच चालतो, आणि रॅमच्या एकेका जागेंत ठराविक आंकडे लिहून तेच परत वाचतां येतात कीं नाहीं तें पाहतो. विंडोजही नाहीं, खेळही नाहीं आणि ग्राफिक्स ड्रायव्हरही नाहीं, अशा स्थितींत जर चूक सांपडली, तर त्या तिघांवर आळ घेण्याचें कारणच उरत नाहीं. सकाळीं पडद्यावर तांबड्या ओळी होत्या.

एवढ्यानेंही काम संपलें नव्हतें. पट्ट्या दोन आणि त्या बसविण्याच्या खांचाही दोन. संगणक बंद करून, वायर भिंतींतून काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आम्ही आंत हात घालीत असूं. पहिली पट्टी एकटीच लावली. चारही फेऱ्या निर्दोष. त्याच खांचेंत दुसरी लावली, तांबड्या ओळी. दुसरी पट्टी दुसऱ्या खांचेंत लावली. पुन्हां तांबड्या ओळी. पहिली त्या दुसऱ्या खांचेंत लावली; निर्दोष. म्हणजे दोष खांचेचा नव्हे, विजेचा नव्हे, जुन्या कार्डाचा तर नव्हेच. दोष नव्या कोऱ्या, सीलबंद पाकिटांतून आलेल्या एका पट्टीचा होता.

मग लिहितांवाचतांना ती पट्टी नीट कशी चाले, असें कोणी विचारील. आठ जी.बी.च्या एका पट्टींत सुमारें ६,८७१ कोटी बिटांची जागा असते. जुन्या पेठेंतला एखादा प्रशस्त वाडा घ्या. रोजच्या वावराला चार खोल्या पुरतात. मागल्या खोलीचें छप्पर गळतें हें वर्षानुवर्षें कळत नाहीं. घरांत लग्न निघून पाहुणे खोलीखोलींत उतरले म्हणजे तें कळतें. मोठा खेळ म्हणजे संगणकाच्या घरचें लग्नच होय. आणि गळक्या खोलींत ठेवलेला कागद भिजून त्यावरचा पत्ता बदलला, तर पत्र भलत्याच घरीं जातें व बोल पोस्टमनाला लागतो. ग्राफिक्स ड्रायव्हरची गत त्या पोस्टमनासारखी झाली होती.

ही गोष्ट केवळ आमच्याच घरची नव्हे. इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ बंद पडत, आणि सूचना येई ती ग्राफिक्सची मेमरी अपुरी असल्याची. साहजिकच पुष्कळांचा संशय खेळांवर व ग्राफिक्स कार्डांवर गेला. २०२४ च्या जुलै महिन्यांत खुद्द कंपनीनें जाहीर केलें कीं, प्रोसेसरला प्रमाणाबाहेर व्होल्टेज जात असल्यामुळें हा दोष उद्भवतो. पुढें ऑगस्टमध्यें तिनें दुरुस्ती प्रसिद्ध केली व त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनीं वाढविली. म्हणजे यंत्राची सूचना खोटी नसते. पण काम कोठें अडलें एवढेंच ती सांगते, तें कोणामुळें अडलें हें सांगत नाहीं.

मेमरीकडून चूक होऊं शकते हें जाणत्यांनीं फार पूर्वींच गृहीत धरलें आहे. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमधील रिचर्ड हॅमिंग यांनीं चूक हुडकून ती सुधारणारी अंकांची रचना १९५० सालीं प्रसिद्ध केली. त्याच तत्त्वावर चालणाऱ्या सर्व्हरच्या रॅममध्यें प्रत्येक ६४ बिटांमागें ८ बिट केवळ राखणीसाठीं ठेवलेले असतात. घरगुती संगणकाच्या साध्या रॅमला असा पहारा बहुधा नसतो. तेथें पहारा आपणच करावयाचा.

दुकानदारानें वही पाहिली, पट्टी स्वतः तपासली आणि वॉरंटींत बदलून दिली. नवी पट्टी घातल्यावर मेमटेस्टच्या चारही फेऱ्या निर्दोष झाल्या. त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशीं खेळ चार तास चालला, आणि तो अखेर आईनेंच बंद करविला. मामांना वही दाखविली तेव्हां त्यांनीं ती पहिल्या पानापासून वाचली, आणि कांहीं न बोलतां वरच्या मजल्यावर गेले. तेथें काय बोलणें झालें तें आम्हांला ठाऊक नाहीं. परंतु दादा आतां शनिवारीं आम्हांला प्रोग्रॅमिंग शिकवावयास येतात, आणि आई त्यांच्यासाठीं पोहे राखून ठेवते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळजण पुढें संगणक जोडतील. तो बिघडला तर नोंद ठेवा, एका वेळीं एकच गोष्ट बदला, आणि नव्या वस्तूला ती नवी म्हणून माफी देऊं नका, जुनीला ती जुनी म्हणून शिक्षा करूं नका. त्या चौकशीला आम्हांला नऊ दिवस व एक चाळीस पानी वही लागली. चौकशी न करतां निकाल दिला असता तर एका विद्यार्थ्याला पुढले कित्येक महिने न केलेल्या दोषाचे हप्ते भरावे लागले असते, आणि आमचा खेळ तरीही बंद पडतच राहिला असता.