अडथळ्यांआधीची वर्षं

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत असताना खो-खो खेळायची. तिचा पळ पाहून क्रीडाशिक्षकांनी तिला धावण्याकडे वळवलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे : 2016, रिओ, 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी. 1984 मध्ये पी. टी. उषा 400 मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरची वैयक्तिक अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला ललिताच. मधली बत्तीस वर्षं कोरडीच गेली. मला मात्र रिओपेक्षा खो-खोच्या त्या वर्षांबद्दल लिहावंसं वाटतं.

•

खो-खोत पळणारीला सरळ पळून भागत नाही. खांबाला वळसा, पाट्यांमधून साखळी, एका पायावर भार घेऊन दुसऱ्या क्षणी उलट दिशा. नजर कायम पुढच्या अडचणीवर. पाऊल कुठे पडणार, हे दोन पावलं आधीच ठरलेलं असावं लागतं. अडथळ्यांच्या शर्यतीत नेमकं हेच लागतं. आपल्याकडे खो-खोला ‘गावचा खेळ’ म्हणून बाजूला ठेवायची सवय आहे. ती मला फार चुकीची वाटते. ज्या मुलीनं पाच-सहा वर्षं मैदानावर चकवे दिलेत, तिचे घोटे आणि गुडघे कुठल्याही प्रशिक्षकाला तयार मिळतात.

•

मोजमापं. महिलांच्या 100 मीटर हर्डल्समध्ये पहिला हर्डल 13 मीटरवर, मग दर साडेआठ मीटरला एक, असे दहा. मोठ्या गटात उंची 83.8 सेंटिमीटर, 18 वर्षांखालील मुलींना 76.2. पहिल्या हर्डलपर्यंत आठ पावलं, दोन हर्डल्समध्ये तीन. ज्या मुलीला साडेआठ मीटरला तीन पावलं पुरत नाहीत, ती चौथं टाकते. चौथं टाकलं की उडीचा पाय बदलतो, डाव्या पायावर बसवलेली उडी उजव्यावर येते आणि तिथून पुढे ती पळत नाही, नुसत्या उड्या मारते. शालेय स्पर्धेत हे कुंपणाशी उभं राहूनही दिसतं : तिसऱ्या हर्डलपाशी खांदे वर उचलले जातात, पाचव्यापाशी मुलगी जवळजवळ थांबून अंदाज घेते. पायांत जोर असतो. ताल बसलेला नसतो, आणि तो बसतो रोज हर्डल समोर असला तरच.

•

आठ लेन, प्रत्येकीत दहा हर्डल. म्हणजे एका शर्यतीला ऐंशी. सरावाला एवढे नकोत. एका लेनचे पाच-सहा मिळाले तरी शाळेचं काम होतं. तेही नसले की शिक्षक विटांवर बांबू आडवा ठेवतात, नाहीतर दोन काठ्यांना दोरी बांधतात. अशा शिक्षकांबद्दल मला अपार आदर आहे. पण दोरीवरून उडी शिकता येते, हर्डल पार करणं नाही. खरा हर्डल पाय लागला की पुढे पडतो, म्हणून पोरगी त्याच्या अगदी जवळून, घासून जायला धजते. बांबूची भीती असते, म्हणून ती हातभर उंचावरून जाते. तालुक्याच्या ठिकाणी एक संच असावा आणि तो कुलपाबाहेर असावा, ही मागणी मला मुळीच मोठी वाटत नाही.

•

स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही. चार मीटरच्या आसपास रुंद, 80 ते 100 किलोंचा लाकडी ठोकळा; महिलांसाठी उंची 76.2 सेंटिमीटर. शर्यतीत तो 28 वेळा ओलांडायचा, शिवाय सात वेळा पाण्याचा. पाण्याच्या अडथळ्यावर बहुतेकजणी पाय ठेवून स्वतःला पुढे ढकलतात. ललिता स्टीपलचेसकडे आली ती मोठ्या पल्ल्याच्या धावण्यातून. 2005 साली पुण्यात 20 वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण. 2014 च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तिसऱ्यांदा पहिली. आणि त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं कांस्य, 9 मिनिटं 35.37 सेकंद, राष्ट्रीय विक्रमासह! 2015 मध्ये वुहानला आशियाई सुवर्ण, बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी. रिओच्या प्राथमिक फेरीत 9:19.76, पुन्हा विक्रम. अंतिम फेरीत 9:22.74, दहावी.

•

उषासुद्धा 400 हर्डल्सकडे उशिराच आली, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या थोडंच आधी. तिथे तिचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. 55.42 विरुद्ध 55.41. दोघींचा उशीर निभावला, कारण लांबच्या अडथळ्यांना दम आणि वेग आधी लागतो, तंत्र मागून येऊ शकतं. कमी अंतराच्या हर्डल्सचं तसं नाही. तिथे आठवी-नववीतलं वर्ष वाया गेलं की ते भरून निघणं फार अवघड. मराठवाड्याच्या तेजस शिरसेनं 2024 च्या मे महिन्यात फिनलंडमध्ये 110 मीटर हर्डल्स 13.41 सेकंदांत पार करून राष्ट्रीय विक्रम केला. तसं नाव सातारा-सांगलीतून का येऊ नये?

•

माणला लागून सांगलीचा आटपाडी तालुका. जिल्हा बदलतो, दुष्काळ तोच. आटपाडीतल्या करगणीचा सचिन खिलारी. शाळकरी वयात झालेल्या अपघातानं एक हात अधू झाला. त्यानं इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. खेळाडूनं शिकायचं की खेळायचं, असं विचारणाऱ्या पालकांना मी हे नाव सांगते.

•

शाळेत शिडी आहे : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट. सातारा आणि सांगलीची मुलं कोल्हापूर विभागात भेटतात. पुढे शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धांत तीच नावं पुन्हा समोर यायला हवीत. मुलांची बरीच येतात. मुलींची दहावीनंतर गळायला लागतात, बारावीनंतर फार थोडी उरतात. कॉलेज लांब, एसटीची वेळ सरावाच्या वेळेशी जुळत नाही, घरी लग्नाचा विषय. मोठ्या पल्ल्याची धावपटू पंचविशीत फुलते; ललिता रिओला 27 वर्षांची होती. म्हणजे खरी कमाई सुरू व्हायच्या दहा वर्षं आधीच आपण मुलींना घरी बसवतो. याचा मला राग येतो.

•

ललिताचा 9:19.76 चा विक्रम 2023 मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीनं मोडला, 9:15.31. पारुल मेरठकडची, शेतकऱ्याच्या घरातली.