माफीनामा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मी डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवताना पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगितली, आणि स्वतःही खरी मानली. पोराच्या हातून काही लहानसहान घडलं तर हात जोडावेत, माफी मागावी, मोकळं व्हावं. वकील केला की समोरच्याला वाटणारच, कुठेतरी पाणी मुरतंय. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, आणि गाडी चालवणाऱ्या 17 वर्षांच्या मुलाला 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. वकील म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची पळवाट.

याच समजुतीवर मी एका मुलाला सल्ला दिला. त्याची आई आमच्या बिल्डिंगमध्ये पोळ्या करते. रिक्षा स्टँडवर मुलांची मारामारी झाली, आणि मित्राला मागे खेचायला गेलेला हाही पोलिसांच्या यादीत आला. नुकतीच अठरा पूर्ण झालेली. आई रडत दारात आली. "बाई, वकील बघू का?" मी म्हटलं, "अगं, एवढ्याशा गोष्टीला कशाला? मी माफीनामा लिहून देते." मी सांगत गेले, तो लिहीत गेला. "माझ्या हातून चूक घडली, याचा मला मनापासून पश्चात्ताप होत आहे." त्याने मध्येच मान वर करून विचारलं, "पण बाई, मी मारलं नाही ना?" मी म्हटलं, "नम्रतेने लिहिलेलं बरं असतं." त्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. खोटं मात्र होतं, आणि ते मी लिहवून घेतलं होतं.

पुढे कोर्टात, गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर त्याने हो म्हटलं. थोडका दंड भरला, संध्याकाळी घरी आला. आईने पेढे आणले. मलाही वाटलं, सुटला बिचारा. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हा कळलं की तो सुटला नव्हता. त्याला शिक्षा झाली होती. दंड हीसुद्धा शिक्षाच.

मी त्याला घेऊन ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. तिथल्या तरुण वकीलबाईंनी कागद वाचले आणि माफीनाम्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही, या पत्राला कोर्टात काही किंमत नव्हती. मला क्षणभर हायसं वाटलं. मग त्यांनी मुलाला विचारलं, "तू कोर्टात हो का म्हणालास?" तो म्हणाला, "आधीच लिहून दिलं होतं ना. आता नाही म्हटलं तर खोटारडा ठरलो असतो."

कायद्याने ज्या कागदाकडे बघितलंही नसतं, त्या कागदाने त्याला आतून बांधून टाकलं होतं. तो पोलिसांना घाबरून कबूल झाला नव्हता. बाईंनी सांगितलेलं वाक्य मोडायचं नाही म्हणून झाला होता. मी त्याच्याशी प्रेमाने वागले, असं मला तोवर वाटत होतं. खरं तर मी त्याचं ऐकलंच नव्हतं. त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वेळ नव्हता. वकिलाने निदान तो प्रश्न टिपून घेतला असता.

आणखी काय काय करता आलं असतं, हे त्या सांगत गेल्या. सगळ्यात आधी, मारलं नाही हे म्हणता आलं असतं. दोष सिद्ध झालाच असता, तरी 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालयाकडे समज देऊन सोडण्याची विनंती करता आली असती, आणि तसं सुटलं तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता मागे लागत नाही. घटना वाढदिवसाच्या आधी घडली असती तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं असतं. नियमांनुसार मुलाकडून पोलिसांना कोणत्याही जबाबावर सही घेता येत नाही, आणि उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कायद्याने मुलाच्या सहीची जी काळजी घेतली, ती मी घेतली नाही. आता काय करता येईल, असं विचारलं, तर त्या गप्प झाल्या. स्वतःच्या कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाला फार थोडी जागा असते.

परत आल्यावर मी वाचत सुटले. अमेरिकेत 1964 साली जेराल्ड गॉल्ट नावाच्या 15 वर्षांच्या मुलावर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप आला. पोलिसांनी उचललं तेव्हा आईवडील दोघंही कामावर होते, घरी कळवलंही नाही. वकील नाही, तक्रारदार बाई न्यायाधीशांपुढे आलीही नाही, आणि मुलाला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा हुकूम झाला. मोठ्या माणसाला याच गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त 50 डॉलर दंड किंवा दोन महिने कैद होती. 1967 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या वकिलाचा हक्क मान्य केला, तो अशा "एवढ्याशा" गोष्टीवरून. आपल्याकडे मे 2025 मध्ये समाजमाध्यमावरच्या पोस्टसाठी अटक झालेल्या पुण्याच्या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, परीक्षेला बसता यावं म्हणून. तिच्या वतीने कोणी कोर्टाची पायरी चढलं नसतं, तर?

पोर्शेच्या प्रकरणाचा माझा राग गेलेला नाही. पण त्या घराकडे वकील होता म्हणून सगळ्याच घरांनी वकिलाशिवाय उभं राहावं, हा माझा निष्कर्ष उलटा होता. वकील नसला की भुर्दंड पोळ्या करणाऱ्या बाईच्या मुलाला बसतो.

त्याची आई त्या पत्रासाठी अजूनही माझे उपकार मानते. दिवाळीला पाया पडली, आणि मी पडू दिलं. ठाण्याला काय कळलं ते मुलाने तिला सांगितलेलं नाही. माझी अब्रू राखायला, असं मला वाटतं. ते मीच सांगायला हवं. या रविवारी तिच्याकडे जाणार आहे.