आवाज कोणाचा?

माळव्यातील थंडीची कल्पना वसई-मुंबईकडील वाचकांना कदाचित नसेल. इंदूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, उघड्या पठारावर वसलेले आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे येथे नळाखाली हात धरला की बोटे बधिर होतात. तरुणांनी अशा पाण्याने स्नान करून खुशाल फुशारकी मारावी. परंतु ऐंशी वर्षे ओलांडलेल्या व गुडघ्यांनी अधू झालेल्या माणसास ऊन पाणी ही चैन नसून गरज होय.

आमच्या धर्मगुरुनिवासात असे एक वयोवृद्ध, निवृत्त धर्मगुरू राहतात. सारेजण त्यांना ‘मोठे फादर’ म्हणतात. गेल्या आगमनकाळाच्या आरंभी जिना चढणे त्यांना अशक्य झाले, तेव्हा आम्ही त्यांची खोली वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणली आणि त्यांच्या पाठोपाठ वरच्या न्हाणीघरातील २५ लिटरांचा विजेचा गीझरही खाली आणविला. आठ वर्षे त्या गीझरने निमूटपणे सेवा केली होती. खाली येताच मात्र त्याला कंठ फुटला.

नळ बंद करावा, तो भिंतीत कोणी हातोडा हाणल्यासारखा ठोका बसे. ऊन पाण्याचा नळ उघडावा, तर आधी गुरगुर, मग थुंकल्यासारखे पाणी आणि वारा. आणि पाणी तापू लागले म्हणजे टाकीच्या पोटातून खडे घुसळल्यासारखी खदखद सुरू होई. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी तर त्या न्हाणीघरात पाऊल टाकायचे सोडले. “फादर, हे एक दिवस फुटणार,” असे त्यांनी आम्हांस बजावून सांगितले.

आम्ही न्यायाधीश होऊन बसलो आणि निकाल देण्यास आम्हांस फार वेळ लागला नाही. गीझर वर होता तोवर गप्प होता. मिस्त्रीने तो खाली बसविला आणि तो गर्जू लागला. तस्मात् दोष मिस्त्रीचा! त्यास बोलावून घेतले. त्याने टाकीला कान लावला, नळीवरून हात फिरविला आणि शांतपणे म्हणाला, “फादर, नळीला आणखी आधार पाहिजे, हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नाताळानंतर बघू. आतला आवाज मात्र टाकी उघडल्याशिवाय कळणार नाही.” आम्हांस ही पळवाट वाटली. त्याची निम्मी मजुरी द्यावयाची राहिली होती. ती आम्ही रोखून धरली. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. धर्मभगिनींच्या मठात त्याला काही काम मिळावयाचे होते. तेथे बोलता बोलता आम्ही सहज म्हणून गेलो, “माणूस जरा पाहून घ्या.” पाहून घेण्याची वेळच आली नाही, काम दुसऱ्याकडे गेले.

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना आम्ही एक लॅटिन सूत्र घोकले होते : पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, म्हणून ती तिच्यामुळेच घडली असे मानणे, हा तर्कदोष होय. परीक्षेत आम्ही त्यावर उत्तम उत्तर लिहिले होते. न्हाणीघरात ते आठवले नाही.

आठवण करून दिली ती मोठ्या फादरांनी. ते तरुणपणी अभ्यासासाठी युरोपात राहिले होते. तेथील थंड देशांत तळघरात बॉयलर असतो आणि त्यात तापलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरून सारे घर ऊबदार ठेवते. “तिथलाही बॉयलर असाच किटलीसारखा गाऊ लागे,” ते म्हणाले, “आणि ज्याने त्याला शेवटचा हात लावला असेल त्याच्यावर सारे तुटून पडत. फादर, आवाज किती मोठा आहे हे विचारू नका. तो केव्हा येतो, ते विचारा.” तीन रात्री अंथरुणावर जागे राहून त्यांनी त्याचे टिपणच करून ठेवले होते. आवाज एक नव्हता, तीन होते.

पहिला ठोक्याचा. तो नळ बंद करतानाच येई, मग वीज चालू असो वा नसो. म्हणजे त्याचा संबंध तापण्याशी नव्हता, वाहण्याशी होता. आमची पाण्याची टाकी गच्चीवर आहे. वरच्या नळावर सुमारे ३ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असे. तळमजल्यावर तोच ६ मीटरांचा, म्हणजे दुप्पट झाला. त्यात मोठ्या फादरांच्या आखडलेल्या बोटांना सोपा पडावा म्हणून पाव फेऱ्यात मिटणारा नवा नळ आम्हीच बसवून घेतला होता. वेगाने धावणारे पाणी असे एकाएकी अडले की त्याचा धक्का नळीला बसतो, आणि नळी आधाराविना लोंबकळत असेल तर ती भिंतीवर आपटते.

दुसरा आवाज गुरगुरण्याचा. तो नळ उघडताच येई आणि पाणी काही वेळ वाहिल्यावर विरे. नळ्यांची जोडणी नवी झाली की त्यांत हवा कोंडून राहते. शिवाय गच्चीवरील टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की हवा पुन्हा शिरते. ऊन पाण्याचा नळ पुरता उघडून धार अखंड होईपर्यंत वाहू द्यावा आणि मगच वीज चालू करावी, एवढाच त्याला उपाय.

तिसरी ती खदखद. सारे नळ बंद असताना, केवळ वीज चालू असतानाच ती येई व वीज बंद करताच शमे. हा आवाज नळ्यांचा नव्हता, टाकीच्या पोटातलाच होता. मिस्त्री पुन्हा आला. मजुरी अडकलेली असतानाही आला, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याने मुख्य बटण खाली पाडले, पाणी काढून टाकले आणि खालचे झाकण उघडले. तापणाऱ्या कांबेवर चुनखडीसारखा पांढरा, जाड थर चढलेला होता आणि तळाशी त्याच थराच्या मूठ-दोन मूठ खपल्या पडल्या होत्या.

इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी मिळते. सुमारे ७० किलोमीटरांवरील जलूद येथून ते पंपांनी उचलून, विंध्याची चढण चढवून आणले जाते. परंतु ते पुरत नाही तेथे विंधन विहिरीचा आधार घ्यावा लागतो, आणि आमच्या घरी तो पुष्कळच घेतला जातो. खडकातून झिरपून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की ते कांबेवर घट्ट बसतात. त्या थराखाली अडकलेले पाणी कांबेच्या अतिउष्णतेने उकळते, त्याच्या वाफेचे बुडबुडे थंड पाण्यात शिरताच फुटतात, आणि अशा हजारो बारीक ठोक्यांची मिळून ती खदखद होते. गीझर उतरविताना कलंडला, तेव्हा काही खपल्या निखळून तळाशी बसल्या व आवाज वाढला, एवढे खरे. परंतु थर आठ वर्षांचा होता, आणि त्या आठ वर्षांत गीझर एकदाही उघडून न पाहणारे आम्हीच होतो. वर तो जाड दगडी भिंतीवर, निजण्याच्या खोल्यांपासून दूर होता. खाली पातळ भिंतीवर, मोठ्या फादरांच्या उशाशी आला. कुरकुर बहुधा जुनीच होती. ऐकणारा कान तेवढा नवा.

मिस्त्रीने कांब सायट्रिक आम्लाच्या पाण्यात बुडवून स्वच्छ केली, खपल्या धुऊन काढल्या, टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी तारेएवढी उरली होती ती बदलली, नवा वायसर घातला, नळीला जागोजाग पकडी ठोकल्या आणि पाण्याचा जोर किंचित कमी केला. त्या संध्याकाळी न्हाणीघर शांत झाले.

आम्ही मात्र झालो नाही. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, धन्याने अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे म्हटले आहे. त्यावर आम्ही व्यासपीठावरून प्रवचनेही दिली आहेत. आमच्या मेजाच्या खणात एक लखोटा पंधरा दिवस पडून होता आणि आमच्या कानी गीझरचा आवाज तेवढा येत होता!

मजुरी त्याच क्षणी चुकती केली, क्षमाही मागितली. “होतं असं, फादर,” एवढेच तो म्हणाला. पण नीतिशास्त्र सांगते की ज्याचे धन घेतले त्याला धन परत करावे, आणि ज्याचे नाव घेतले त्याला नाव परत करावे. पहिले एका लखोट्यात मावते. दुसऱ्यासाठी पायपीट करावी लागते. आम्ही मठात गेलो आणि ज्यांच्यासमोर ते वाक्य बोललो होतो त्यांच्यासमोरच, दोष आमचा होता असे सांगितले. मठप्रमुख भगिनींनी ऐकून घेतले. पण ते काम तोवर पुरे झाले होते. पुढच्या कामाला त्यालाच बोलावू, असे त्या म्हणाल्या. गेलेले काम मात्र गेलेच.

वाचकहो, थंडीपूर्वी आपला गीझर जाणत्या कारागिराकडून एकदा उघडवून घ्या; वीज आणि पाणी एकत्र असतात तेथे स्वतः हात घालू नका. आणि काम झाले की त्याची मजुरी, मोशेच्या नियमशास्त्रात सांगितल्याप्रमाणे, सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती ठेवा.

नाताळच्या पहाटे मोठे फादर ऊन पाण्याने स्नान करून मिस्साला आले. “रात्री झोप लागली ना?” आम्ही विचारले. “मला लागली,” ते हसून म्हणाले, “तुम्हांला?”