दोन उभ्या रेघा

1969 साली मी पुण्यातील एका छापखान्यात मुद्रितशोधकाच्या हाताखाली उमेदवार म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्या दिवशी मला लेखणी न देता खिळ्यांच्या केससमोर उभे करण्यात आले. आणि ज्यांना सारा छापखाना मामा म्हणत असे त्या वृद्ध जुळाऱ्यांनी माझे बोट धरून एकेका खणावर टेकवले. ऱ्हस्व वेलांटीचा खण निराळा, दीर्घ वेलांटीचा निराळा; अनुस्वाराचा खिळा तर इतका बारीक की चिमटीतून निसटला म्हणजे फरशीच्या सांध्यात शोधावा लागे. पुस्तक छापून झाले की त्याचे सारे खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकावे लागत, आणि त्या कामात एखादी वेलांटी शेजारच्या खणात पडली, तर ती पुढे महिन्या दोन महिन्यांनी, कोणा दुसऱ्याच लेखकाच्या दुसऱ्याच ग्रंथात चूक होऊन उगवे. मामांचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते आणि व्याकरणाचा एकही नियम त्यांना सांगता आला नसता, परंतु जुळवलेल्या ओळीवरून अंगठा फिरवता फिरवता ते मध्येच थांबत आणि म्हणत, "इथं काहीतरी बोचतंय बघ." बहुधा तिथे चूक सापडे.

मुद्रितशोधनात पन्नासांहून अधिक वर्षे काढल्यावर आज मला जेव्हा कोणी विचारतो, की रोजच्या साध्या लिहिण्यात, निरोपात, चिठ्ठीत, मोबाइलवरच्या दोन ओळींत शुद्धलेखनाचा आणि विरामचिन्हांचा एवढा आग्रह धरण्याचे काही कारण उरले आहे काय, तेव्हा मला प्रथम मामांचा तो अंगठा आठवतो. त्यांना जे बोचे ते नियमभंगामुळे बोचत नसे. पुढे वाचणाऱ्याची नजर जिथे अडखळणार, तिथे त्यांचे बोट आधी अडखळे.

शुद्धलेखन हा शब्द मला स्वतःला फारसा प्रिय नाही. शुद्ध म्हटले की त्याच्या पाठीशी अशुद्ध उभे राहते, आणि अशुद्ध म्हटले की आपल्या समाजात सोवळ्याओवळ्याची जुनी आठवण जागी होते. शिवाय ज्याला आपण शुद्ध म्हणतो ते एका ठरावाने बदलते, हे मी माझ्या हातांनी अनुभवले आहे. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले 14 नियम शासनाने 1962 साली मान्य केले आणि 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. तत्पूर्वी 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'तें' हीच रूपे प्रमाण होती; ज्यांचा उच्चार लोपला होता असे अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. जुन्या ग्रंथांची नवी आवृत्ती निघाली म्हणजे ते टिंब न् टिंब खोडण्याचे काम माझ्याकडे येई, आणि असे हजारो अनुस्वार मी तांबड्या शाईने उडवले असतील. क्वचित हात थबके. कारण 'तें' आणि 'ते' यांतला भेद गेल्यावर एखाद्या लांब वाक्यात 'ते' म्हणजे ती वस्तू की ती माणसे, हे कळायला वाक्य पुन्हा वाचावे लागे. तरीही तो निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. जे जिभेवर उरले नाही ते केवळ पूर्वजांच्या आदराखातर डोक्यावर वाहायचे, आणि तेही ज्याने शाळेची पायरी नुकती चढली त्या मुलाच्या डोक्यावर, हे न्याय्य नव्हते.

मात्र त्याच तर्काने जो अनुस्वार जिभेवर जिवंत आहे तो टाकता येत नाही, आणि आज नेमका तोच टाकला जात आहे. 'असं', 'कसं', 'बरं', 'केलं' या बोलीतल्या रूपांवरचे टिंब मोबाइलवर लिहिताना एक कळ अधिक दाबावी लागते म्हणून गळते आणि 'अस', 'कस', 'बर', 'केल' असे काहीतरी उरते. लोक म्हणतात, संदर्भाने कळते की. बहुतेक वेळा कळतेच, हे मी मान्य करतो. जेव्हा कळत नाही तेव्हा काय होते, ते माझ्या घरात घडले म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी पत्नी आजारातून उठत असताना संध्याकाळी तिच्याजवळ बसायला एक बाई येत असत. एके दिवशी मी बाहेरगावी होतो आणि मुलाने त्यांना कामाच्या गर्दीतून निरोप पाठवला: 'पाकिटातील औषध जेवल्यावर द्या'. पाकिटात दोन निरनिराळ्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. बाईंनी वरची पट्टी काढली, गोळी दिली आणि पाकीट कपाटात ठेवून दिले. तळाशी असलेली रक्तदाबाची लहान पट्टी तिथेच राहिली. त्यात त्यांचा काय दोष? त्यांनी जे लिहिले होते ते नीट वाचले. मुलाच्या मनात 'औषधं' होते, आणि मराठीत झाडाची झाडं, घराची घरं, औषधाची औषधं होतात ती एवढ्या एका टिंबाने. वाक्यातले दुसरे एकही पद त्या अनेकवचनाची साक्ष द्यायला हजर नव्हते. 'पाकिटातील' बदलत नाही, 'द्या' बदलत नाही. पत्नीला सुदैवाने अपाय झाला नाही. पण त्या रात्री तो निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि मामांचा अंगठा जिथे थांबला असता ती जागा मला स्पष्ट दिसली.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो, की आपल्या पूर्वजांनी विरामचिन्हांवाचून राज्ये चालवली. आज आपण वापरतो ती स्वल्पविराम-अर्धविरामांची पद्धत इंग्रजी अमदानीत आली आणि ती मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्याआधीचे मोडी दप्तर पाहावे, तर ओळीची रेघ आधी ओढून तिला अक्षरे टांगलेली, शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि विराम तर नाहीच नाही. आक्षेप खरा आहे. पण चिन्हे नव्हती म्हणून व्यवस्थाही नव्हती, असे अनुमान त्यावरून काढणे मात्र चुकीचे ठरेल. जुन्या पत्राचा मायना ठरलेला असे. कोणाला कोणत्या शब्दांनी आरंभ करायचा, मुख्य मजकुराकडे 'विनंती उपरी' म्हणून कसे वळायचे, 'कळावे', 'बहुत काय लिहिणे' अशा शब्दांनी कुठे थांबायचे, याचे दंडक चिटणिसाच्या लेखणीत मुरलेले असत. आपला स्वल्पविराम जे करतो ते काम हे ठराविक शब्द करीत. आणि पूर्णविरामासाठी तर शिक्का होता. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी जी मुद्रा उमटलेली दिसते, तिचा अर्थच मुळी मजकुराची मर्यादा इथे झाली असा आहे. या मोर्तबाखाली कोणाला एक अक्षरही पुढे घालता येऊ नये, ही त्यातली दक्षता. त्याउपर काही संदिग्ध राहिलेच, तर पत्र घेऊन जाणारा माणूस उरलेला तपशील जबानी सांगे, आणि तो सांगेल असे पत्रातही नमूद केलेले असे. आपल्या मोबाइलवरच्या निरोपाला मायना नाही, मोर्तब नाही आणि सोबत बोलणारा माणूसही नाही. तो एकटाच जातो. म्हणून त्याच्याबरोबर एखादे टिंब, एखादा स्वल्पविराम धाडावा, एवढेच माझे मागणे आहे.

पोथ्या लिहिणाऱ्यांनी तर वाचकाची काळजी याहूनही अधिक वाहिली. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात या लेखनक्रियेलाच वाहिला आहे. लिहिताना चूक झाली तर तिच्यावर हरताळाचा पिवळा लेप देत. एखादे अक्षर सुटले तर ते समासात लिहून ओळीत त्याच्या जागी हंसपदाची खूण करीत. हरताळ फासणे हा शब्दप्रयोग आज आपण केलेल्या कामाचा नाश करणे या अर्थी वापरतो, पण त्याचा उगम चूक मिटवण्याच्या या कृत्यात आहे, हे मला कळले तेव्हा माझ्या टेबलावरच्या तांबड्या दौतीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. आयुष्यभर कागदाच्या कडेला मी जी हंसपदे काढली, ती कोणा अनाम लेखकूकडून माझ्याकडे आली होती.

कारभाराच्या लिखाणात तर एका अक्षराची किंमत शेतकऱ्याला फेऱ्यांनी मोजावी लागते. माझ्या एका नातलगाच्या सातबाऱ्यावर त्याच्या वडिलांचे 'रामचंद्र' हे नाव नक्कल करताना 'रामचंद' असे उतरले होते. वारसाचा फेरफार घालायची वेळ आली तेव्हा रामचंद्र आणि रामचंद ही एकच व्यक्ती, हे सिद्ध करण्यासाठी त्याने प्रतिज्ञापत्रे केली, जुने दाखले शोधले आणि सबंध उन्हाळा घालवला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात अशा लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी कलम 155 स्वतंत्रपणे घालावे लागले आहे. एक जोडाक्षर लिहायला कारकुनाला क्षणभर अधिक लागला असता.

परंतु सर्वच चुका सारख्या नाहीत. 'वकील' म्हणताना 'की'वर आवाज लांबतो आणि 'वकिलाने' म्हणताना तो आखडतो, म्हणून तो नियम कानाला विचारून पाळता येतो. 'मंदिर', 'मधुर', 'कुसुम' यांतली ऱ्हस्व अक्षरे मात्र कान सांगत नाही. ते शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले, हे आधी ठाऊक असावे लागते. 'मंदीर' लिहिणारे मूल चुकते खरे, पण ज्या मराठी सवयीने आपण 'वकील' लिहितो, त्याच सवयीला ते इमान राखते. ग्रंथात मी तिथे खूण करीन, कारण ग्रंथ हा अनेकांच्या विश्वासाचा दस्तऐवज आहे. घरच्या पत्रात मी तसे करणार नाही. एकदा केले होते.

माझी आई दुसरीपर्यंत शिकलेली. कोकणातल्या आमच्या गावाहून ती महिन्याला एक पोस्टकार्ड लिही. चातुर्मासात हरिविजय, पांडवप्रताप वाचायची तिला सवय. त्यामुळे ओवीच्या शेवटी असतात तसे दोन दंड ती प्रत्येक वाक्यानंतर देत असे. 'पाऊस थाबत नाही ॥ गाय याली ॥ तुझा खोकला कसा आहे ॥' कोणी शिकवल्यावाचून, वाचलेल्या पोथीतून तिने आपल्यापुरते विरामचिन्ह शोधून काढले होते, आणि ते एकदाही चुकीच्या जागी पडले नव्हते. 1971 साली, हाती तांबडी शाई नवी आलेली असताना, मी तिच्या एका कार्डावर 'थांबत' आणि 'व्याली' अशा दुरुस्त्या केल्या, दंडांच्या जागी पूर्णविराम घातले आणि ते कार्ड पाकिटात घालून, पत्रात असे दंड देत नाहीत असे समजावून, तिला परत पाठवले.

पुढच्या महिन्यात कार्ड आले ते शेजारच्या शाळकरी मुलाच्या अक्षरात होते. 'सर्व क्षेम आहे. काळजी नसावी.' त्यात एकही चूक नव्हती. पाऊस, वासरू, खोकला यांतलेही काही नव्हते. 1984 साली ती गेली, तोवर तिचे म्हणून जे जे कार्ड आले ते दुसऱ्याच कोणाच्या हातचे होते. मी गावी गेलो की तिला लिहायला सांगे, आणि ती म्हणे, "नको रे बाबा, माझं चुकतं."

त्याआधीची तिची सतरा कार्डे माझ्यापाशी आहेत. त्यांतल्या एकावर जागा पुरली नाही, तेव्हा शेवटची ओळ तिने कडेने उभी वर चढवत नेली आहे. आणि कार्ड संपते तिथे, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, दोन उभ्या रेघा ओढल्या आहेत.