चौथं शील

शील देताना मी आयुष्यभर कानावर भिस्त ठेवली. लग्न असो, नामकरण असो, पुण्यानुमोदन असो, आपण ओळ म्हणायची आणि मागून येणाऱ्या आवाजात कोण मनापासून म्हणतोय, कोण नुसते ओठ हलवतोय ते टिपायचं. बौद्धाचार्य म्हणून वस्त्यावस्त्यांत फिरताना हा कान तयार झाला आणि कारागृहात जायला लागल्यावर तो खरा कामाला आला. बरॅकीत पहिल्या शिलाला आवाज जड येतो. तिसऱ्याला आवाज खाली उतरतो. पाचव्याला कोपऱ्यातून हमखास हसू फुटतं, कारण आत दारू आणायची कुठून? आणि चौथ्याला, खोटं बोलणार नाही म्हणायची वेळ आली की, आवाज बसतो. न्यायाधीन बंद्यांच्या बरॅकीत तर इतका बसतो की शेवटचे शब्द मी एकटाच म्हणत असतो.

मागल्या पावसाळ्यापासून माझा उजवा कान गेल्यात जमा आहे. डाव्यात मशीन बसवलं. पहिल्यांदा ते घालून गेलो तेव्हा झडतीत शिपायाने ते काढायला लावलं, तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं आणि ‘हे आत जाणार नाही’ म्हणून सांगितलं. डॉक्टरचं पत्र, अर्ज, अधीक्षकांची सही, मग कुठे परवानगी निघाली. पण पत्र्याचं छप्पर, गरगरणारे जुने पंखे आणि दाटीवाटीने बसलेली माणसं यांत त्या मशीनला काही कळत नाही. सगळ्यांचे आवाज मिळून त्याला एकच घोंगावणं ऐकू येतं. आता शील देतो माझ्याबरोबर येणारा पोरगा. समाजकार्य शिकलेला आहे, गळा खणखणीत आहे, पाली उच्चार माझ्याहून स्वच्छ आहेत. मी भिंतीला पाठ लावून बाजूला बसतो. हातातलं काम गेल्यावर त्या कामाबद्दल जो विचार सुरू होतो, तो मला रात्री झोपू देत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

या कानाचा मला गर्व होता. तुरुंगाधिकाऱ्यांच्या खोलीत चहा घेताना मी सांगायचो, तिसऱ्या रांगेतला तो उंच मुलगा सुधारणार, दाराजवळचा नाही. ते ऐकून घ्यायचे आणि मी आतून फुलायचो. बंदी मला ‘भंतेजी’ म्हणायचे. मी पांढरे कपडे घालणारा संसारी उपासक. चीवर माझ्या अंगावर कधी नव्हतं. तरी ती हाक मला गोड लागायची. शिक्षा झालेल्या बंद्यांचा गणवेषही पांढराच असतो. त्यांच्यात बसलो की लांबून मी कोण आणि ते कोण हे ओळखू येत नसे. मला मात्र माझा पांढरा रंग वेगळा वाटायचा.

तर चौथं शील. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे खटला न संपलेली. चारांतले तीन. प्रवचनकार ‘गुन्हेगारांचं परिवर्तन’ असं म्हणतात तेव्हा समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना कुठल्याच कोर्टाने अजून गुन्हेगार ठरवलेलं नसतं. त्यांतले किती निर्दोष, किती नाहीत, हे मला माहीत नाही आणि माहीत करून घेणं माझं काम नाही. पण ‘मी खोटं बोलणार नाही’ हे वाक्य त्या प्रत्येकाच्या गळ्यात अडकतं. निर्दोष माणसाच्यासुद्धा, कारण तो खरं बोललाय आणि त्याचा उपयोग झालेला नाही.

एकदा वंदना झाल्यावर एक तरुण मागे थांबला. तीनशे दोनचा. नव्या संहितेत खुनाचं कलम एकशे तीन झालं, पण आत अजून तीनशे दोनच म्हणतात. म्हणाला, ‘‘काका, वकील म्हणते तोंड उघडू नको. तुम्ही म्हणता खोटं बोलू नको. मंग म्या करू काय?’’

त्यावेळी माझ्याकडे उत्तर तयार होतं. राज्यघटनेचं कलम २० (३): आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. न्यायाधीश साक्षीपुरावा संपल्यावर आरोपीला प्रश्न विचारतात, जुन्या कायद्यात ३१३, आता ३५१, तेव्हा त्याला शपथसुद्धा देत नाहीत. म्हणजे बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्या घटनेनेच तुला गप्प राहण्याचा हक्क दिलाय. आरोप ठेवताना ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणणं म्हणजे ‘तुम्ही सिद्ध करा’ म्हणणं. शील खोटं बोलण्याविरुद्ध आहे, गप्प राहण्याविरुद्ध नाही.

यातला शब्दन् शब्द बरोबर आहे आणि आजही मी हेच सांगेन. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘कोर्टाचं समजलं. पण मुलाखतीत माय विचारते ना.’’

मुलाखतीची खिडकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. काचेपलीकडे म्हातारी, हातात फोनचा रिसीव्हर, मागे रांग, वेळ संपत आलेली. तिने वकिलासाठी डोरलं मोडलेलं असतं ते पोराच्या एका शब्दावर. तिथे कुठलं कलम लागू करायचं? गप्प राहिला तर गप्प राहणंच उत्तर होतं. खरं बोलला तर पलीकडे शिपाई उभा आहे. आणि खोटं बोलला तर दर रविवारी माझ्यामागून ते शील म्हणताना त्याचा आवाज बसणार.

आणि तो मला खरं सांगू पाहत असेल तर? इथेच या कामाची सगळ्यात अवघड गाठ आहे आणि ती मला आजवर सुटलेली नाही. संघात दोष उघड करण्याची जुनी रीत आहे. भिक्खू एकमेकांजवळ आपले अपराध बोलून दाखवतात आणि पुढे संयमाने राहण्याचा निश्चय करतात. मनातलं बोलून मोकळं होणं याइतकं गुणकारी औषध आत दुसरं नाही. पण मी काही वकील नाही. माझ्याजवळ दिलेली कबुली कायद्याच्या नजरेत पुरावा होऊ शकते आणि मला साक्षीला उभं करता येतं. म्हणून नव्या बरॅकीत गेलो की शील द्यायच्या आधी मी स्पष्ट सांगतो: इथं कोणी आपल्या केसबद्दल बोलायचं नाही, माझ्यापाशी तर नाहीच. त्या तरुणाचे ओठ हलायला लागले तेव्हा मी हात वर करून त्याला थांबवलं. सत्य बोलण्याचं व्रत द्यायचं आणि ते बोलू लागलेल्याला अडवायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाने, एकाच दुपारी करायची. त्याला वाचवण्यासाठी करायची, हे मला पटतं. तरी हात वर करताना दर वेळी वाटतं की आपण त्याच्या तोंडावर दार लावतोय.

इथं मला अंगुलिमाल लागतो. तुरुंगात अंगुलिमालाची गोष्ट सगळेच सांगतात. इंग्लंडमध्ये १९८५ साली भिक्खू खेमधम्मो यांनी कारागृहांतल्या बौद्ध सेवेसाठी संस्था काढली तिचं नावच ‘अंगुलिमाल’. आपल्याकडे मात्र गोष्ट पळण्यावर संपते: हा धावतोय, भगवान चालताहेत, तरी गाठता येत नाहीत, मग तलवार पडते. टाळ्या. बंदी टाळ्या वाजवतात आणि विसरतात. मज्झिम निकायातल्या सुत्तात गोष्ट पुढे जाते. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला फिरताना अडलेली बाळंतीण पाहतो, कळवळतो, येऊन भगवंतांना सांगतो. भगवान त्याला म्हणतात, जा आणि तिला सांग, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून जीव घेतला नाही, या सत्याने तुझं भलं होवो. आणि ज्याच्या गळ्यात बोटांची माळ होती तो माणूस म्हणतो, हे तर माझ्याकडून जाणूनबुजून बोललेलं खोटं होईल. मग भगवान वाक्य बदलून देतात: आर्य जन्म झाल्यापासून. आता ते खरं असतं आणि तो ते बोलतो.

मी ही गोष्ट या एका अडखळण्यासाठी सांगतो. माणसं मारलेला माणूस खोटं बोलायला नकार देतो, तेही प्रत्यक्ष गुरूने सांगितलेलं. आणि गुरू त्याला दटावत नाही, त्याला खरेपणाने बोलता येईल असं वाक्य शोधून देतो. त्या तरुणालाही मी शेवटी एवढंच म्हटलं, मायला असं वाक्य शोध जे खरं असेल. ‘मी केलं नाही’ म्हणू नको, ‘केलं’ही म्हणू नको, ‘माय, तू जेवलीस का’ हेसुद्धा खरं वाक्य आहे. त्याने शोधलं की नाही, मला कळलं नाही. त्याची बदली दुसऱ्या कारागृहात झाली.

सुत्तात याच्याही पुढे आहे. लोक अंगुलिमालाला ढेकळं, काठ्या मारतात, तो डोकं फुटून, फाटक्या चीवराने परततो आणि भगवान त्याला सोसायला सांगतात. विनयात तर पुढे नियमच झाला की कुख्यात चोराला, तुरुंग फोडून आलेल्याला प्रव्रज्या देऊ नये. हेही मी आत सांगतो. संघाचं दार तुमच्यासाठी कायम सताड उघडं होतं, असं खोटं सांगून प्रेम मिळवायचं नाही.

आता इतरांबद्दल. विपश्यनेच्या लोकांबद्दल मला आदर आहे. गोयंका गुरुजींनी १९७५ साली जयपूरच्या कारागृहात शिबिर घेतलं, १९९४ मध्ये तिहारमध्ये हजाराहून अधिक बंदी एकत्र बसले. ही मोठी गोष्ट आहे. पण दहा दिवसांचं मौन लांब शिक्षेच्या माणसाला झेपतं. न्यायाधीन माणसाची सहाव्या दिवशी तारीख निघते, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगसमोर उभं राहावं लागतं, वकील येतो. त्याला आठवड्यातला एक तास हवा असतो, आणि बोलणारा माणूस हवा असतो. हा मतभेद कामाच्या पद्धतीचा आहे, मनातला नाही.

राग येतो तो दोन जातींच्या वक्त्यांचा. एक जण १४ एप्रिलला येतो, केळी वाटतो, फोटो काढतो आणि भाषणात सांगतो की तुम्ही सगळे व्यवस्थेचे बळी. अनुसूचित जाती-जमातींची माणसं तुरुंगात त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आहेत, हे खरंच आहे आणि त्याविरुद्ध लढलंच पाहिजे. पण समोरच्या माणसाच्या हातून काहीच घडलं नाही, सगळं त्याच्यावर घडलं, असं सांगितलं की शील द्यायला हातात उरतं काय? दुसरा त्याहून वाईट. तो म्हणतो, मागच्या जन्मीचं कर्म भोगताय. बाबासाहेबांनी हे तत्त्व मुळासकट नाकारलं, कारण त्यानेच आपल्या आज्या-पणज्यांना त्यांची जागा दाखवली होती. कच्च्या कैद्याला, ज्याचा जामीन पैशांअभावी अडलाय त्याला, पूर्वजन्म ऐकवणाऱ्या माणसाला फाटकातून आत सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी पोरं यायची ती वर्षावासात ग्रंथ वाचायला, आषाढी ते आश्विनी पौर्णिमा, न चुकता. आता येतात ती एका कार्यक्रमापुरती, आणि बाहेर पडल्यावर विचारतात प्रमाणपत्र मिळेल का. माझ्याबरोबरचा पोरगा तसा नाही, म्हणून त्याच्याशी भांडायला मला उत्साह येतो.

तो शील देतो तेव्हा मी बाजूने बघत असतो. मी देताना डोळे मिटायचो. कानाची ऐट होती ना. आता पहिल्यांदाच माणसं दिसतात. चौथ्या शिलाला एका म्हाताऱ्याचे जोडलेले हात हळूच सुटतात आणि मांडीवर येतात, शील संपलं की पुन्हा जुळतात. न चुकता. त्याच्या शेजारचा मान वळवून खिडकीकडे बघतो. पोरगा चौथ्यानंतर थांबत नाही. मी थांबायचो, आवाज भरून यायची वाट बघायचो, आणि ती शांतता मला फार आवडायची. त्या शांततेचा मालक मी असायचो. पोरगा सरळ पाचवं सुरू करतो. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘काका, थांबलं की सगळे एकमेकांकडे बघतात. कोण गप्प राहिला ते त्यांनाही कळतं.’’ हे मला मिटल्या डोळ्यांनी कधी दिसलं नसतं.

येत्या पौर्णिमेला अंगुलिमाल त्याने सांगायचा असं ठरलंय. त्याला ती बाळंतीण गाळायची आहे. म्हणतो, सत्याच्या वचनाने बाई सुटली हा चमत्कार आहे, आपण बाबासाहेबांची माणसं, असलं सांगू नये. मी म्हटलं, गाळ, मला त्या बाळंतपणाचं काही नाही. पण तो खोटं बोलायला नकार देतो ते गाळू नको. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘पण काका, बाईच नसेल तर तो खोटं बोलायला नकार देणार कोणापुढे?’’

‘‘मग ठेव बाई,’’ मी म्हटलं, ‘‘आणि ती सुटली की नाही ते सांगू नको.’’