माझा पेन्सिलींचा डबा

आपल्या पाठीमागें मुलें आपणांस काय म्हणतात हें शिक्षकाला सहसा कळत नाहीं, आणि न कळणें हेंच त्याच्या हिताचें असतें. मला मात्र तें गेल्या पावसाळ्यांत अगदीं अकस्मात् कळलें. मधल्या सुटींत सहावीच्या वर्गावरून जात असतां आंतून आवाज आला, ‘लपव, लपव! पेन्सिलसर आले!’ मी दारांत थबकलों. लपविण्याजोगें असें त्या मुलाच्या हातांत कांहींच नव्हतें. बोटाच्या पेराएवढें एक पेन्सिलीचें थोटूक तेवढें होतें. तें मी मागून घेईन अशी त्याला धास्ती वाटली. आणि ती अगदींच निराधार होती असें मला म्हणवत नाहीं.

पालकहो, आपल्या मुलांच्या गुरुजींविषयीं हें आपणांस कोणीं सांगण्यापूर्वीं मीच सांगून टाकतों. कोणाला तपकिरीचें व्यसन असतें, कोणाला पानाचें, कोणाला बुद्धिबळाचें. मला पेन्सिलींचें आहे. नुसतें पेन्सिलींचेंच नव्हे. कोऱ्या वह्या, टिपकागद, रबर, दौती, टांक, कागदाला लावावयाच्या टांचण्या, हें सारें पाहिलें कीं माझा पाय पुढें पडत नाहीं. जूनच्या अखेरीस शाळा उघडण्याच्या सुमारास गोंदियाच्या बाजारांत कागदवाल्यांच्या दुकानांपुढें जी झुंबड उडते, तींत मुलांच्या बापांमध्यें मीहि एक उभा असतों, आणि माझ्या खरेदीची यादी त्यांच्यापेक्षां लांब असते. बाहेर पाऊस, आंत नव्या कागदाचा व खळीचा वास! घरीं आल्यावर ही सारी दौलत एका बिस्किटांच्या जुन्या डब्यांत जाते. हा डबा माझ्या सौभाग्यवतीच्या मतें घरांतील सर्वांत निरुपयोगी वस्तु आहे. तिचें मत मी पुढें पुन्हां काढणार आहें.

माझें बालपण नागरा येथें गेलें. गोंदियाजवळचें हें गांव शंकराच्या प्राचीन देवळासाठीं ओळखलें जातें. आम्हां मुलांच्या लेखीं मात्र गांव म्हणजे चहूंकडे पसरलेल्या धानाच्या बांध्या. रोवणी सुरू झाली कीं निम्मा वर्ग चिखलांत असे आणि उरलेला निम्मा खिडकींतून त्याच्याकडे पाहत असे. पहिलींत पाटी आणि लेखण एवढेंच आमचें भांडवल होतें. पाटी ओल्या फडक्यानें पुसावी अशी गुरुजींची आज्ञा होती. थुंकीनें पुसावी अशी आमची परंपरा होती. आणि लेखण लिहिण्याइतकीच खाण्यासाठींहि असते याविषयीं कोणाच्या मनांत संशय नव्हता. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो वास येतो, तशीच तिची चव लागे.

त्या काड्या कोठून येतात हें त्या वयांत कोण विचारतो? पुढें मिशनच्या वसतिगृहांत राहून महाविद्यालयांत शिकत असतां वाचनांत आलें कीं, पाटीवरच्या लेखणींचा मोठा धंदा मध्यप्रदेशांतील मंदसोर येथें चाले. दगड यंत्राच्या करवतीनें कापतांना बारीक धूळ उडे. त्या धुळींतील सिलिका मजुरांच्या फुप्फुसांत जाऊन बसे आणि सिलिकोसिस नांवाचा असाध्य रोग जडे. ऐन तारुण्यांतलीं माणसें धापा टाकीत मरत. अखेर १९८२ सालीं त्या राज्यांत या कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा झाला. मी पाटी हातीं धरली ती त्यानंतर थोड्याच वर्षांनीं. तें वाचलें त्या रात्रीं वसतिगृहांत मला जेवण गेलें नाहीं. ती मातीची चव जिभेवर पुन्हां आली होती.

शिसपेन्सिल घरांत आली तिची हकीकत निराळी आहे. माझे वडील गोंदिया स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. बालाघाटकडे तेव्हां छोट्या रुळांची गाडी जात असे. तांदळाच्या व तेंदूपत्त्याच्या पोत्यांचे आंकडे मांडावयास त्यांच्याजवळ एक विशेष पेन्सिल असे. कोरडी असतां ती साधी करडी दिसे; टोंक ओलें केलें कीं अक्षर जांभळें उमटे आणि मग तें रबरानें जात नसे. तिला कॉपिंग पेन्सिल म्हणत. ग्राफाइटमध्यें अॅनिलीनचा जांभळा रंग मिसळून ती बनवीत. वडील ती कानावर खोवून घरीं येत आणि भिंतींतल्या उंच कोनाड्यांत ठेवीत. तिला हात लावण्याची आम्हां भावंडांस सक्त मनाई होती.

एके दिवशीं दुपारीं आई विहिरीवर गेली असतां मीं डब्यावर डबा रचून तो कोनाडा गांठला. पेन्सिलीचें टोंक ओलें करावयाचें असतें एवढें मला ठाऊक होतें, आणि ओलें करण्याचें साधन तोंडांतच होतें. मीं तळहातावर माझें नांव लिहिलें, पोटावर लिहिलें, बहिणीच्या पाठीवर लिहिलें. दर अक्षराला एकदां जीभ. संध्याकाळीं वडील जेवावयास बसले आणि त्यांनीं नित्याप्रमाणें विचारलें, ‘आज काय शिकलास?’ मीं तोंड मिटूनच ‘हूं’ केलें. आई हसूं लागली. वडील मात्र हसले नाहींत. त्यांनीं मला दंडाला धरून हापशीकडे नेलें, जीभ बाहेर काढावयास लावून ती फडक्यानें खसखसून पुसली, आणि पोटांत तर कांहीं गेलें नाहीं ना असें दहादां विचारलें. तो रंग विषारी असतो हें मला फार उशिरां समजलें. त्या रात्रीं मात्र मला वाटलें, वडिलांना माझ्यापेक्षां पेन्सिल प्रिय आहे!

दुसऱ्या दिवशीं ते घरीं आले ते एक नवी पेन्सिल घेऊनच. लाल व काळ्या पट्ट्यांची, नटराज छापाची. त्यांनीं ती उंबरठ्यावर ठेवली, खिशांतला चाकू काढला आणि बरोबर मध्यें कापून अर्धी बहिणीला व अर्धी मला दिली. बहिणीनें आपला भाग दिवाळीपर्यंत लिहून संपविला. मीं माझा टोंक न करतां ठेवून दिला. लिहिलें तर ती संपेल, आणि संपली तर पुन्हां मिळेल कशावरून? वडील आतां नाहींत. ती अर्धी पेन्सिल अद्यापि डब्यांत आहे. डब्याची सुरुवात तिच्यापासूनच झाली. मग नाताळांत शब्बाथशाळेंत वचनें पाठ म्हणून दाखविल्याबद्दल पाळकसाहेबांच्या हस्तें मिळालेली, मागें रबर असलेली निळी पेन्सिल तिच्या शेजारीं गेली, आणि मग संख्या वाढतच राहिली.

डबा असला म्हणजे विद्याहि आपोआप येते. शिसपेन्सिलींत शिसें मुळींच नसतें, हें वर्गांत सांगितलें कीं मुलें अजूनहि चकित होतात. इंग्लंडच्या उत्तरेस बॉरोडेल नांवाच्या दरींत सोळाव्या शतकांत एक काळें, मऊ खनिज सांपडलें. लोकांना तें शिशाचाच एक प्रकार वाटलें, आणि तें चुकीचें नांव आजतागायत आपल्या जिभेवर आहे. १७७९ सालीं शील नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं तें कर्बाचें एक रूप आहे. म्हणजे हिरा, कोळसा आणि आपल्या दप्तरांतली पेन्सिल हीं एकाच घरचीं भावंडें. पुढें फ्रान्सचें इंग्लंडशीं युद्ध जुंपलें आणि फ्रेंचांना इंग्रजी ग्राफाइट मिळेनासें झालें. तेव्हां काँते नांवाच्या गृहस्थानें ग्राफाइटच्या भुकटींत चिकणमाती मळून, कांड्या वळून त्या भट्टींत भाजण्याची युक्ति काढली. तिचें पेटंट १७९५ सालचें आहे. माती अधिक घातली तर पेन्सिल कठीण व फिकी होते, कमी घातली तर मऊ व काळी. पेन्सिलीच्या पाठीवर जें एचबी किंवा टूबी छापलेलें असतें तें या कठीणपणाचें व काळेपणाचेंच माप.

आपल्या देशांतल्याहि गोष्टी आहेत. नटराज पेन्सिल काढणाऱ्या हिंदुस्तान पेन्सिल्स या कारखान्याची स्थापना १९५८ सालची. आजच्या पेन्सिलींचें लांकूड पुष्कळसें काश्मीरच्या पुलवामा भागांतल्या पॉप्लर झाडांचें असतें. नागऱ्याच्या मुलाच्या मुठींत काश्मीरचें झाड असावें याची मला मोठी मौज वाटते. आणि माझ्या कंपासपेटीवरच्या उंटामागें मराठी माणसाचा उद्योग होता. दिगंबर परशुराम दांडेकर यांनीं आपल्या बंधूंसह १९३१ सालीं मुंबईंत शाईचा धंदा सुरू केला. त्यांच्या पहिल्या शाईवर घोडा होता, उंट मागाहून आला.

परंतु या विषयांतील माझी सर्वांत आवडती गोष्ट काका कालेलकरांनीं लिहून ठेवलेली आहे. १९१५ सालीं मुंबईंत काँग्रेसचें अधिवेशन भरलें होतें. साताऱ्यास जन्मलेले कालेलकर तेव्हां गांधीजींबरोबर होते. गांधीजी कांहींतरी सारखें शोधीत असलेले त्यांना दिसले. विचारतां कळलें कीं एक लहानशी पेन्सिल हरवली आहे. कालेलकरांनीं स्वतःची पुढें केली. गांधीजी ती घेईनात. हरवलेली पेन्सिल मद्रासेंत नटेसन यांच्या लहान मुलानें प्रेमानें दिलेली होती, ती गमावणें त्यांना सोसेना. दोघांनीं मिळून शोध केला. सांपडली तेव्हां ती दोन इंचहि भरत नव्हती!

ही गोष्ट मीं दरवर्षीं वर्गांत सांगितली आहे, आणि खरें बोलावयाचें तर, माझ्या छंदाला थोर माणसाचा आधार दाखवावा म्हणूनच सांगितली आहे. मात्र तींत एक गोम आहे, ती इतकीं वर्षें माझ्या ध्यानांत आली नाहीं. गांधीजींची पेन्सिल दोन इंचांहून आंखूड झाली होती, कारण ते तिनें लिहीत होते.

यंदा ती गोम मला सातवींतल्या एका मुलीनें दाखविली. ती नागऱ्याहूनच येते. रोवणीसाठीं आठ दिवस घरीं राहून ती परत आली त्या दिवशीं भूमितीची चांचणी होती. तिच्या हातांतलें थोटूक इतकें लहान होतें कीं तें धरतां यावें म्हणून तिनें तें रिकाम्या बॉलपेनच्या नळींत खोवलें होतें. असा नमुना माझ्या डब्यांत नव्हता. चांचणी संपतांच मीं खिशांतून एक कोरी पेन्सिल काढली आणि अदलाबदल करावयास सांगितलें. तिनें क्षणभर विचार केला व थोटूक माझ्या हातीं दिलें. आपण एक सत्कृत्य केलें असेंहि मला वाटलें असावें.

पंधरवड्यानें पाहतों तों तिच्या हातांत पुन्हां तसलेंच थोटूक. मीं विचारलें, ‘बाळ, ती नवी पेन्सिल कोठें आहे?’

‘घरीं आहे, सर. पेटींत.’

‘मग तिनें लिहीत कां नाहींस?’

‘नवी आहे ना, सर. खराब होईल.’

मी तिला कांहींच बोललों नाहीं. काय बोलणार?

त्या रात्रीं मीं डबा उघडला. त्रेचाळीस पेन्सिली निघाल्या, एकीलाहि टोंक नाहीं. वीस वर्षांपूर्वींचें रबर दगडासारखें झालें होतें. शाईच्या दौतींत शाईची कोरडी पपडी होती. पहिल्या पगारांतून घेतलेली जाड कागदाची वही कडांनीं पिवळी पडली होती. पहिल्या पानावर माझें नांव होतें आणि पुढें कांहीं नव्हतें. उत्तम कांहीं सुचेल तेव्हां त्यांत लिहावयाचें असा माझा बेत होता. सौभाग्यवती दारांत उभी होती. तिनें आपलें जुनें मत पुन्हां बोलून दाखविलें नाहीं, हा तिचा मोठेपणा.

वडिलांचाच चाकू घेऊन मी बसलों आणि एकेक पेन्सिलीला टोंक करूं लागलों. तशाच कोऱ्या वांटल्या असत्या तर त्या त्रेचाळीस घरच्या पेट्यांत गेल्या असत्या. टोंक केलेली पेन्सिल कोणी जपून ठेवीत नाहीं. शेवटीं वडिलांनीं कापलेली ती अर्धी हातांत आली. तिच्यावर चाकू ठेवला. पुन्हां काढला. तेवढी मात्र माझ्यानें झाली नाहीं.

पेन्सिली वांटून झाल्या त्याला आतां पुष्कळ दिवस झाले. परवां स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या गडबडींत ती मुलगी शिक्षकांच्या खोलींत आली व विचारूं लागली, ‘सर, माझी पेन्सिल अजून आहे का?’ मीं डबा काढून तिच्यापुढें ठेवला. आंत आतां ती अर्धी पेन्सिल, निळें रबर असलेली शब्बाथशाळेची पेन्सिल आणि नळींत खोवलेलें तिचें थोटूक एवढेंच आहे. निळ्या पेन्सिलीलाहि टोंक केलेलें तिनें पाहिलें. मग थोटूक उचलून बोटाशीं लावलें, नीट मापलें, आणि तें परत ठेवीत ती म्हणाली, ‘सर, ही कांहीं वाढली नाहीं.’